आत सरकलेली ओळ

१

क्लिनिकमधल्या बिल्किस सिस्टरने पेटीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. लसीच्या पेटीत हात गारठायला हवा. इथे बर्फाचं पाणी होऊन गेलं होतं आणि ते पाणीही कोमट झालं होतं. तान्ह्या मुलांना टोचायची लस, ऑगस्टमधलं बहारीन, आणि पेटी कोल्ड स्टोअरऐवजी मिना सलमान बंदरावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेली. सिस्टरने एकही बाटली उघडू दिली नाही म्हणून निभावलं. नाहीतर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

पेटी सोडवून आणणारी कंपनी ताहिर साहेबांची. तिथल्या तिथे त्यांनी दत्तप्रसाद सामंतला बोलावून घेतलं. दत्तप्रसाद म्हणजे कंपनीचा ऑडिटर, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेणारा. हे काम त्याला आवडायचंही, उगाच खोटं कशाला बोला.

"क्लिनिकला एक नाव हवंय," ताहिर साहेब म्हणाले. "गुरुवारी सकाळी नाव द्यायचं. ज्याचं नाव, त्याची नोकरी खलास. व्हिसा कॅन्सल, तिकीट हातात."

"संशय कुणावर?" दत्तप्रसादने विचारलं.

"शेडवाला वली म्हणतो, त्याच्या चिठ्ठीवर 'थंड ठेवा' असं नव्हतंच. चिठ्ठ्या कॉम्प्युटर छापतो. आणि कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिला कुणी?"

प्रोग्रॅम लिहिला होता हेमचंद्र गोडबोलेने. ते नाव ऐकलं आणि दत्तप्रसादच्या मनात जे झालं ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. त्याला आनंद झाला.

२

आनंदाचं कारण घरात होतं. दत्तप्रसादची बायको नीला त्याच कंपनीत कॉम्प्युटरच्या खोलीत काम करायची. हेमचंद्रने प्रोग्रॅम लिहायचा आणि नीलाने तो तपासायचा, अशी जोडी. दोघंही पुण्याची, एकाच वयाची. गुदैबियातल्या फ्लॅटमध्ये ताट वाढलं की पहिल्या घासाला सुरू व्हायचं, "आज हेमचंद्र म्हणाला..." शेवटच्या भाताला ते संपायचं. हेमचंद्र एकटा राहतो म्हणून भरल्या वांग्यांचा एक डबा त्याच्यासाठी. हेमचंद्रला मिरगुंड आवडतात म्हणून तेही.

हेही दत्तप्रसादने गिळलं असतं. त्याला खुपायचं ते वेगळंच. नीला नवऱ्याला 'अहो' म्हणायची आणि हेमचंद्रला 'अरे'. एकदा डबा विसरला म्हणून तो कॉम्प्युटरच्या खोलीत गेला होता, तर ही खुर्चीत मागे रेलून म्हणत होती, "अरे गाढवा, ही ओळ कुठे गेली?" आणि दोघं हसत होती. घरी ती कधी त्याला गाढव म्हणाली नव्हती. माणसाला कशाचा हेवा वाटेल याचा काही नेम नसतो, पण दत्तप्रसादला त्या 'गाढवा'चा हेवा वाटला, आणि तो चांगला सहा महिने पोटात राहिला.

पेटीची बातमी आली त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर नवराबायको गुदैबियातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात थांबली. तपासाच्या नोंदींसाठी त्याला लाल पेन हवं होतं. दुकानदाराने पुढे केलेलं पेन नीलाने घेतलं, कागदाच्या कपट्यावर श्री काढून बघितलं आणि म्हणाली, "छान चालतंय. हे घ्या."

"हेमचंद्र काय म्हणाला?" त्याने चालता चालता सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काही नाही. दिवसभर गप्प होता. अहो, प्रोग्रॅम बरोबर आहे तो. मी स्वतः तपासलाय."

"तू त्याची बाजू घेणारच."

"मी माझ्या टेस्टिंगची बाजू घेतेय," नीला म्हणाली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधी शेडमध्ये गेला. वलीने पेटीची चिठ्ठी जपून ठेवली होती. मालाचं नाव होतं, क्लिनिकचं नाव होतं, थंडाव्याचा एक शब्द नव्हता.

"साब, लिखा होता तो मैं अपने सर पे उठाके कोल्ड स्टोअर ले जाता," वली म्हणाला. त्याच्या तोंडाकडे पाहिल्यावर पटत होतं.

मग टेलेक्सची खोली. तिथला हमीद दापोलीचा, त्यामुळे त्याच्याशी मराठीतच बोलणं. परदेशातून मालाचा संदेश यायचा तो हमीदच्या मशीनवर. एकीकडे कागदावर छापला जायचा, दुसरीकडे त्याचीच भोकं पाडलेली पट्टी निघायची. ती पट्टी कॉम्प्युटरला खिलवायची, की कॉम्प्युटर वाचून चिठ्ठ्या छापणार. हमीदने छापील कागद पुढे टाकला. KEEP COLD तिथे ठसठशीत होतं.

"हे बघा, ऑडिटर साहेब. आपल्याकडे आलेलं आहे. संदेश चालू असताना लाईन तुटली, थोड्या वेळाने परत लागली. म्हणून दोन तुकडे. हा पहिला, हा दुसरा."

"दोन्ही पट्ट्या मशीनला दिल्यास?"

"दिल्या तर. मशीनच्या नोंदीत दोन्ही आहेत, बघा जाऊन."

दत्तप्रसाद कागद निरखत बसला. प्रत्येक मालाची पहिली ओळ कागदाच्या डाव्या कडेला चिकटून सुरू होत होती. मजकूर मावला नाही की पुढची ओळ थोडी आत सरकवून. म्हणजे ही वरच्याच मालाची, असं ओळखायचं. लसीची पहिली ओळ पहिल्या तुकड्याच्या तळाशी होती. KEEP COLD ही आत सरकवलेली ओळ दुसऱ्या तुकड्याच्या अगदी डोक्यावर आली होती.

"पट्टीत गडबड नाही कशावरून?"

"मी आवाजावरून ओळखतो," हमीद म्हणाला. "कुठल्या ऑफिसचा संदेश आहे ते न बघता सांगेन. आमच्या नीलाबाई टेस्टिंगच्या पट्ट्या माझ्याच मशीनवर मारतात, तर पलीकडच्या खोलीतून कळतं की बाईच आहेत. आधी थोडे ठोके, जरा थांबतात, मग धडाधड."

दत्तप्रसादचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ओळ कॉम्प्युटरच्या पोटात गेली होती आणि बाहेर आली नव्हती. म्हणजे प्रोग्रॅमने खाल्ली. म्हणजे हेमचंद्र. जिना चढताना तो शीळ घालत होता.

४

"हे शक्य नाही," नीला म्हणाली. "नेमकं हेच मी तपासलं होतं."

कॉम्प्युटरच्या खोलीत एसीचा गारवा इतका की तिने साडीवर स्वेटर घातला होता. हेमचंद्र पलीकडे पाठमोरा बसला होता. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जसं ऑडिटरला सांगावं तसं. आत सरकलेली ओळ दिसली की प्रोग्रॅम ती वरच्या ओळीला जोडतो. वर ओळच नसेल, संदेशाची सुरुवातच आत सरकलेल्या ओळीने झाली, तर ती कुठे जोडायची ते प्रोग्रॅमला कळणार नाही. अशा वेळी त्याने ती ओळ रिजेक्ट शीटवर छापायची, म्हणजे माणूस बघेल.

"बहारीनमध्ये लाईन तुटते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी मुद्दाम तशी पट्टी केली. ओळ रिजेक्ट शीटवर आली. मी सही केली."

"मग या वेळी का नाही आली?"

उत्तर हेमचंद्रने दिलं. तो खुर्ची वळवून शांतपणे म्हणाला, "कारण नीलाने तपासल्यावर मी प्रोग्रॅममध्ये हात घातला. एका ठिकाणी घाई केली, ते बिघडलं. तिला सांगितलं नाही. तिचं टेस्टिंग बरोबरच होतं. सामंत, लिहून घ्या, मी सही करतो."

नीला त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, पण मला न सांगता?"

"चुकलं," हेमचंद्र म्हणाला आणि परत पाठ केली.

दत्तप्रसादने लाल पेन काढलं. ज्याची सहा महिने वाट पाहिली ते आपण होऊन ताटात आलं होतं. तरी लिहिताना त्याचं मन खाऊ लागलं. आपला गुन्हा इतक्या तयारीने सांगणारा माणूस त्याने ऑडिटमध्ये अजून पाहिला नव्हता.

५

ऑडिटरची सवय वाईट. कबुली मिळाली तरी ती पडताळून बघावीशी वाटते. दुपारी जेवायला सगळे गेले असताना दत्तप्रसादने मशीनकडून प्रोग्रॅमची माहिती छापून घेतली. मशीन प्रत्येक बदलाची तारीख आपसूक ठेवतं. प्रोग्रॅमला शेवटचा हात लागला होता मे महिन्यात. नीलाचं टेस्टिंग जूनमधलं.

म्हणजे नीलाने तपासल्यावर कुणीही हात घातला नव्हता. हेमचंद्र साफ खोटं बोलला होता, आणि तेही स्वतःच्याच गळ्याला फास लावण्यासाठी.

आता मात्र दत्तप्रसादच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. तोच प्रोग्रॅम जूनमध्ये पास होतो आणि ऑगस्टमध्ये ओळ गिळतो, हे कसं? त्याने नीलाच्या कपाटातून तिची ती टेस्टिंगची पट्टी काढली आणि मशीनला दिली. रिजेक्ट शीटवर ओळ आली. पास. मग हमीदची दुसरी पट्टी दिली. रिजेक्ट शीट कोरं. तोच प्रोग्रॅम, तीच आत सरकलेली ओळ, आणि एकदा हो, एकदा नाही.

प्रोग्रॅम तोच, तर फरक पट्टीतच असणार. त्याने नीलाच्या पट्टीचं रिजेक्ट शीट उचललं आणि पहिल्यांदाच नुसतं न बघता वाचलं. त्यावर छापलं होतं, SHRI KEEP COLD.

तो तिथेच खुर्चीत बसला. दुकानातला कपटा डोळ्यांसमोर आला. आधी थोडे ठोके, जरा थांबतात, मग धडाधड. नीला कोरा कागद कधी कोरा सुरू करायची नाही. किराण्याची यादी असो, गॅसची पावती असो, वर श्री. पट्टीवरही तिने आधी श्रीच मारलं होतं, इंग्रजी अक्षरांत, डाव्या कडेला चिकटून.

म्हणजे तिच्या पट्टीत वर ओळ नव्हती असं कधी झालंच नव्हतं. श्री होतं. आत सरकलेली ओळ प्रोग्रॅमने इमानदारीत श्रीला जोडली, आणि श्री नावाचा माल कुणाच्या यादीत नाही म्हणून दोन्ही मिळून रिजेक्ट शीटवर टाकली. खऱ्या संदेशावर श्री कोण लिहिणार? तिथे वर काहीच नव्हतं, आणि वर काहीच नसेल तर प्रोग्रॅम ओळ गुपचूप फेकून देत होता. नीलाने जे तपासलं असं तिला वाटत होतं, ते तपासलंच गेलं नव्हतं. उत्तर बरोबर आलं होतं, पण भलत्याच कारणाने.

आणि कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मराठी माणसाची नजर श्रीवर थांबत नाही. ते असायचंच. वली किंवा ताहिर साहेबांनी शीट पाहिलं असतं तर विचारलं असतं, हे काय आहे? पण शीट पाहिलं होतं नीलाने आणि हेमचंद्रने.

हेमचंद्रला आता ते दिसलं होतं. पेटीची बातमी आली त्या दिवशी तो दिवसभर गप्प होता, तो त्यासाठीच. आणि त्याने ठरवलं, की नाव माझं जाऊ दे, नीलाचं नको.

गुरुवारी दत्तप्रसादने फक्त गप्प बसायचं होतं. हेमचंद्र विमानात, नीलाची नोकरी शाबूत, घरात ते नाव पुन्हा नाही. जे जे हवं होतं ते सगळं. फक्त एक गोष्ट राहात होती. आपल्या बायकोला वाचवलं ते त्या माणसाने. कधीतरी नीलाला ते कळणार, आणि मग तो माणूस पुण्यात बसूनही या घरातून आयुष्यभर हलणार नव्हता.

६

गुरुवारी ताहिर साहेब कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन उभे राहिले. हेमचंद्र, नीला आणि पट्ट्या घेऊन आलेला हमीद, एवढेच होते.

"यल्ला, चला, नाव सांगा," साहेब म्हणाले.

"हेमचंद्र गोडबोले म्हणतात त्यांनी प्रोग्रॅम बदलला," दत्तप्रसाद म्हणाला. "ते खोटं आहे. प्रोग्रॅम मेनंतर कुणी उघडलेला नाही."

हेमचंद्र झटकन उठला. "सामंत, जाऊ द्या. चूक माझीच आहे. ओळ माझ्या प्रोग्रॅमने टाकली, एवढं खरं ना?"

"खरं. पण ते पकडायला टेस्टिंग होतं." दत्तप्रसाद बायकोकडे वळला. हे त्याने तिला आदल्या दिवशी घरी सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं नव्हतं, कारण ती रातोरात जाऊन हेमचंद्रशी बोलणार नाही याची त्याला खात्री नव्हती. "नीला, पट्टीवर तू सगळ्यात आधी काय मारतेस?"

तिला क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग तिचा उजवा हात आपोआप हलला, बोटं हवेतच चार कळा शोधायला गेली आणि थांबली. तिला सगळं कळलं. समजायला ती नवऱ्यापेक्षा हुशार होती, आणि समजल्यावर तिने पहिल्यांदा पाहिलं ते हेमचंद्रकडे.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

मग तिने कुणाला बोलू दिलं नाही. हमीदबरोबर टेलेक्सच्या खोलीत जाऊन तिने स्वतःच्या हाताने नवी पट्टी मारली, श्रीशिवाय. मशीनला दिली. रिजेक्ट शीट कोरं आलं. ते तिने साहेबांसमोर धरलं आणि हिंदी-इंग्रजीत सगळं नीट सांगितलं, एक शब्द न लपवता.

ताहिर साहेबांनी कोऱ्या कागदाकडे बघून दाढी खाजवली. "प्रोग्रॅम दुरुस्त कोण करणार?"

"हेमचंद्र," नीला म्हणाली. "दुसऱ्या कुणाला ते इतक्या लवकर जमणार नाही."

"मग त्याला घालवता येत नाही. आणि क्लिनिकला नाव तर हवं."

"माझं द्या. सही माझी आहे."

दत्तप्रसाद काहीतरी बोलायला गेला. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. नीला त्याच्याच व्हिसावर राहात होती, तेव्हा देश सोडायचा प्रश्न नव्हता. नोकरी तेवढी गेली. तिने खुर्चीवरचा स्वेटर काढला, घडी घातली आणि बाहेर उन्हात निघून गेली. सहा महिने दत्तप्रसादला वाटत होतं की ही त्या खोलीतून उठावी. ती उठली होती.

७

पुढचा महिना घरात भांड्यांचाच आवाज. हेमचंद्रचं नाव जेवताना कुणी काढलं नाही. नीला वेळेवर ताट वाढायची, वेळेवर उचलायची. दत्तप्रसादला वाटायचं, ती चिडली तर बरं होईल. ती चिडली नाही.

एका शुक्रवारी ती खिडकीपाशी बसून मनामा शहरातल्या एका बँकेसाठी नोकरीच्या अर्जाचा कच्चा खर्डा लिहीत होती. बँकेत नवा कॉम्प्युटर आला होता, टेस्टिंगला माणसं हवी होती. तिने त्याचंच लाल पेन उचललं, रद्दी कागदावर चालवून बघितलं. श्री.

"अजून काढतेस?" त्याच्या तोंडून गेलं.

"कागदावर काढणार. पट्टीवर नाही." ती अर्जाकडे बघत म्हणाली, "मुलाखतीत विचारलं ना, की टेस्टिंग कसं करावं, तर सांगणार आहे. उत्तर बरोबर आलं म्हणून सही करायची नाही. का आलं ते विचारायचं. मी विचारलं नाही, म्हणून ती पेटी पत्र्याखाली तापत राहिली."

तो समोर येऊन बसला. कुठूनतरी बोलणं सुरू झालं याचंच त्याला बरं वाटलं. "मी खरं तेच सांगितलं, नीला. गप्प बसलो असतो तर एक निरपराध माणूस गेला असता. तू तरी मान वर करून राहिली असतीस का?"

"नसते राहिले. ते बरोबरच झालं. त्याने माझी चूक झाकली, तेही मला आवडलेलं नाही. मी त्याला तसं सांगितलंय." तिने पेनाचं टोपण लावलं. मग मान वर करून तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाली, "तू खरं बोललास, दत्ता. उत्तर बरोबर आलं. आता सांग, का आलं?"

हा 'तू' त्याला किती दिवस हवा होता. त्याच्याकडे उत्तरंही होती, न्यायाची, ऑडिटची, कर्तव्याची. तिच्यासमोर त्यातलं एकही चाललं नसतं.

"त्याने तुला वाचवलेलं मला बघवलं नसतं," तो म्हणाला.

"हं," नीला म्हणाली. मग तिने अर्ज पुढे ओढला आणि पुन्हा लिहायला घेतलं.